जपानचा घरजावई

लग्न ठरल्यावर मुलं फोनवर काय बोलतात याची मैत्रिणींमुळे मला पुरती कल्पना होती. जेवलीस का, काय जेवलीस, फोटो पाठव, शालू कोणत्या रंगाचा. माझ्या वाट्याला मात्र जपानमधला एक म्हातारा ड्रमर आला. सुपारी फुटून आठवडा होत नाही तोच त्या माणसाचं गाव, त्याच्या बापाचा धंदा, शाळेच्या बँडमधला त्याचा पहिला ड्रम, सगळं मला पाठ झालं होतं. होणाऱ्या नवऱ्याला चहात साखर किती लागते ते मात्र अजून कळलं नव्हतं.

मी लोणखेड्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माहेर तिथून जवळच, केळी आणि उसातलं. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. भावकीत त्यांचा शब्द चालतो, आणि तो चालतो हे त्यांना ठाऊक असल्यामुळे घरात दुसऱ्या कोणाचा फारसा चालत नाही. तापीकाठचं हे स्थळ आलं तेव्हा त्यांना सगळं पसंत पडलं: काळी जमीन, बारमाही पाणी, मुलाचं शिक्षण, मुलाची आई कमी बोलते हेसुद्धा. खोट एकच निघाली. मुलगा ड्रम वाजवायचा. लग्नसराई आली की घरची शेती भावावर टाकून तो शहाद्याच्या एका बँडच्या गाडीवर चढायचा आणि गावोगावच्या वराती नाचवायचा.

"आपन वाजा लावनारा लोके शेतस," नाना म्हणाले, "वाजाडनारा नही."

या वाक्याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. वाजंत्री उशिरा आले तर आमच्याकडे नवरदेवाचा मामा गावभर फोन करत फिरतो. आणि त्याच वाजंत्र्यांची पंगत सगळ्यात शेवटी, बुंदी संपल्यावर. पण तेव्हा मी गप्प बसले. मुलगा मला आवडला होता. पोह्यांची बशी हातात घेऊन तो बसला होता आणि त्याची बोटं बशीच्या कडेवर चालली होती, अगदी हलकी, त्यालाही नकळत. प्रश्न विचारणारे काका बोलायचे थांबले की बोटंही थांबायची. सभ्य माणूस आहे, असं मला वाटलं.

सुपारी फोडायच्या दिवशी नाना त्याला ट्रॅक्टरच्या शेडकडे घेऊन गेले. दोघं थोड्या वेळाने परत आले आणि मग सुपारी फुटली. आत काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. ते वाजवणं त्याने केव्हाच सोडलंय, एवढंच माझ्यापर्यंत आलं.

मग फोन सुरू झाले. पहिले दोन-तीन दिवस आम्ही दोघं रेडिओवरच्या बातम्यांसारखं शुद्ध मराठी बोललो. आपण कशा आहात, मी बरा आहे. आमच्या भागातली लग्नाळू पोरं एकमेकांशी असंच बोलतात, अहिराणी बोललं तर अडाणी समजतील म्हणून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी विषय संपले आणि त्याने घाबरत विचारलं, "तुले गाना आवडतस का?" मी हो म्हटलं. त्यानंतर शुद्ध मराठी गेली ती गेलीच, आणि जपान आलं.

शिकायला तो काही वर्षं सुरतेत मामेभावाच्या खोलीवर होता. तिथे एका जुन्या सीडीवर त्याला हे वाजवणं सापडलं. जॅझ आणि रॉक यांची खिचडी, तिला फ्यूजन म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. वाजवणारा समुद्राकाठच्या एका लहान गावातला. बाप मासळी विकायचा. पोरगा शाळेच्या बँडमध्ये मोठा ढोल उचलायला धिप्पाड म्हणून घेतला गेला, आणि हातात काड्या आल्यावर त्याने त्या खाली ठेवल्याच नाहीत. बापाने घरात वाजवू दिलं नाही म्हणून तो मासळीच्या रिकाम्या पेट्या धक्क्यावर पालथ्या घालून वाजवायचा. मग टोकियो. दारूच्या गुत्त्यांत दुसऱ्याच्या ड्रमवर वाजवून दिवस काढले. तिथे तीन जण भेटले, चौघांचा संच झाला, आणि काही वर्षांत रेकॉर्ड निघाल्या, परदेशांतून बोलावणी आली. खांद्यापर्यंत केस, चमकदार शर्ट, आणि पुढ्यात एवढी पितळ मांडलेली की भांड्याच्या दुकानात माणूस बसवल्यासारखा वाटावा. त्याने तो फोटो मला पाठवल्यावर मी विचारलं, "यामा तू कोठे शे?" तो इतका हसला की मागून त्याच्या आईने काय झालं म्हणून विचारलं.

त्या माणसाचं एक वाजवणं सातच्या ठेक्याचं होतं. आपल्या वराती चारावर चालतात, माणसाचे पाय दोन आणि घोडीचे चार, सगळं जुळतं. सातात मात्र पाय पुरत नाहीत. मी म्हटलं, हे लंगडतंय. तो म्हणाला, "लंगडस नही, वाट पाहस. तू पहिलीवर ध्यान दे, बाकीन्या आपोआप येतीस." मग मी भेंडी चिरताना, वर्गात हजेरी घेताना, पहिली मात्रा कुठे पडते ते शोधत राहिले. एके दिवशी सापडली. ती पडायच्या आधी तो केसभर थांबायचा, हातात असून न दिल्यासारखी. हे कळल्यावर मला कोण आनंद झाला. मी लगेच फोन करून सांगितलं तर त्याने तीच जागा मला पुन्हा तीनदा ऐकवली.

गोष्ट पुढे मात्र जाईना. प्रत्येक वेळी ती एकाच जागी अडायची. ऐन नावारूपाला आलेला असताना त्या ड्रमरने लग्न केलं. बायको एकुलती एक. सासऱ्याचा सोया सॉस मुरवायचा कारखाना, पिढीजात, मोठमोठ्या लाकडी पिंपांचा. तो चालवायला मुलगा नव्हता. तिकडेही आपल्यासारखाच घरजावई घेतात, आडनावसुद्धा सासरचं लावायचं. सासऱ्याची अट एकच होती, वाजवणं बंद. त्याने अट मान्य केली, संच सोडला आणि सासुरवाडीला जाऊन राहिला.

"मंग?" मी विचारायची.

"मंग काय, कारखाना," तो म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेच्या बँडपासून सुरुवात.

मी शिक्षिका आहे. मुलगा धड्याचं एकच पान गाळत असेल तर त्या पानात काहीतरी असतं, एवढं मला कळतं. मी माझ्या फोनवर शोधाशोध केली. सगळं जपानी लिपीत, आपल्याला चित्रं तेवढी कळायची. एका फोटोत तो केसाळ, भांड्यांच्या दुकानात. दुसऱ्यात टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, कुठल्याशा लहान सभागृहात चार-पाच वस्तूंच्या साध्या संचामागे. मधल्या काळातला एकही फोटो नाही. म्हणजे कधीतरी तो परत वाजवायला बसला होता. कधी, ते मात्र माझा नवरदेव सांगेना.

एकदा मी सहज म्हटलं, "तुन्हा ड्रमना फोटो धाड ना."

"तो आते नही शे." अक्कलकुव्याकडच्या एका बँडच्या पोरांना त्याने तो देऊन टाकला होता.

"कवय दिना?"

"सुपारी फुटनी त्यानंतर." मग म्हणाला, "नानाले शबद दिना व्हता. हात नही लावाव. जाऊ दे, तू नको मनवर लेऊ."

मी मनावर घेतलंच. तेव्हा कुठे मला ट्रॅक्टरच्या शेडमधलं बोलणं कळलं, आणि जपानचा घरजावई त्याच जागी का अडतो तेही. हा माणूस मला स्वतःची गोष्ट सांगत होता आणि पुढचं त्यालाच सांगवत नव्हतं. मला नानांचा राग आला, त्याचा आला, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा आला की हे सगळं माझ्यापायी झालं आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

नाना दुपारी जेवत असताना मी विषय काढला. म्हटलं, त्याचा शब्द सोडून द्या. नानांनी भाकरीचा घास वरणात बुडवला, खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लगीन व्हवा दे. पोरे-सोरे व्हतीन, इसरी जाई."

तो खरंच विसरेल, याचीच मला भीती होती. पोह्याच्या बशीवर बोटं न हलवणारा नवरा मला नको होता. पण मांडवाची तयारी सुरू झाली होती आणि नानांपुढे दुसऱ्यांदा बोलायची आमच्या घरात रीत नव्हती.

आमच्याकडे लग्न लागतं ते टाळीला. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट सरकतो, आणि अक्षता, टाळ्या, बँड सगळं एकदम उठतं. मुहूर्ताला सगळे टाळीच म्हणतात, पत्रिकेत काही का छापलेलं असेना. टाळी वाजंत्र्याशिवाय लागत नाही. ज्या घरात नुकतं कोणी गेलं असेल तिथेच फक्त ती मुक्याने लागते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नाही.

लग्न वैशाखात, गोरज मुहूर्तावर, आमच्याच गावात. बँड शहाद्याचाच ठरवला होता, तोच, ज्यात तो वाजवायचा. मला वाटलं होतं नाना हरकत घेतील, पण तेवढा चांगला बँड दुसरा मिळत नव्हता. नवरदेवाची घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली, नाचायला शिकवलेली, पायांत चाळ. दिवसभर उन्हाने मांडवाच्या कापडाला हात लावता येत नव्हता. मी आतल्या खोलीत हिरवा चुडा भरून, मुंडावळ्या बांधून बसले होते आणि वहिनी खिडकीत उभी राहून मला बाहेरचा वृत्तांत देत होती.

वरात शाळेच्या कोपऱ्यापर्यंत वाजत आली आणि थांबली. बराच वेळ झाला, पुढे येईना. मग कळलं की ड्रमवाल्याला ऊन लागलं, गाडीवरच चक्कर येऊन पडला, त्याला लिंबाच्या सावलीत नेऊन नाकाला कांदा लावताहेत. काड्या दुसऱ्या कोणीतरी घेतल्या. पण घोडीला शिकवलेल्या ठेक्यावरच पाऊल टाकायची सवय. त्या माणसाचा ठेका पळायला लागला की ती बिचकायची, मागे सरायची, एकदा तर उभीच राहिली. घोडीवाला म्हणाला, वाजवणं नीट करा नाहीतर नवरदेव पडेल, मग मला बोलू नका. भटजी घड्याळ बघत होते. बाशिंग बांधलेला नवरदेव वाटेत घोडीवरून उतरत नाही, अपशकुन मानतात. म्हणजे घोडी चालत नाही आणि नवरदेव उतरत नाही, अशी सगळी वरात शाळेच्या कोपऱ्यावर खोळंबली.

मग ड्रम पुन्हा सुरू झाला. ठेका नेहमीचाच, चाराचा, वरातीचा. पण पहिली पडायच्या आधी कोणीतरी केसभर थांबत होतं. मी उठून वहिनीच्या मागे खिडकीशी गेले.

"ओ माय," वहिनी खिडकीतून म्हणाली. "घोडीवर नवरदेव नही शे. त्यानी भाची बठेल शे."

खरंच तसं होतं. त्याच्या पुढ्यात बसवलेली त्याच्या बहिणीची लहान मुलगी एकटीच घोडीवर होती, लगाम घोडीवाल्याच्या हातात, आणि घोडी चाळ वाजवत झकास नाचत येत होती. मागे बँडच्या गाडीवर बाशिंग बांधलेला नवरदेव ड्रम वाजवत होता. बाशिंगाच्या लडी डोळ्यांवर येत होत्या आणि तो मान झटकून त्या बाजूला करत होता. बायका हसत होत्या. मांडवाच्या तोंडाशी नाना उभे होते, ते हसत नव्हते.

थोड्या वेळाने ते माझ्या दाराशी आले. "पाह्यं का?" ते म्हणाले. "शबद दिना व्हता त्यानी."

"घोडी उभी ऱ्हायनी व्हती नाना," मी म्हटलं. "मुहूर्त टळी जाता." ते मांडवाकडे निघून गेले. लग्न मोडतंय की काय, अशी भीती मला त्या क्षणी खरोखर वाटली, आणि त्याहून मोठी ही की मोडणार नाही, फक्त हा माणूस आज सगळ्यांसमोर शब्द मोडणारा ठरेल आणि आयुष्यभर खाली मान घालून आमच्या घरी जेवायला येईल.

मला मांडवात आणलं. पाटावर उभी राहिले, समोर अंतरपाट धरला. पलीकडे तो होता, पण मला त्याचे पाय तेवढे दिसत होते. पायाला धूळ लागलेली. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटच्याच्या आधी भटजी थांबले, कारण बँडचा मालक स्टेजजवळ येऊन काहीतरी खुणावत होता. ड्रमवाल्याला शहाद्याला दवाखान्यात पाठवलं होतं, घोडी बिचकवणारा पुन्हा काड्या घ्यायला तयार नव्हता, आणि ड्रमशिवाय बाकीचा बँड उठत नाही. टाळीला वाजवणार कोण?

अंतरपाटापलीकडे नानांचा आवाज आला, दबका. "जवाई, टाळीले वाजाडनं पडी."

"नही नाना," तो म्हणाला. "घोडीपाई हात लावा, ते चुकनं मन्हं. आते नही लावाव. शबद दिना शे."

 मागच्या रांगेतल्या बायकांचीसुद्धा कुजबुज थांबली. भटजी अक्षतांची मूठ धरून उभे होते. मुक्याने टाळी लागणार, हे हळूहळू प्रत्येकाच्या लक्षात यायला लागलं होतं. नवरीने अंतरपाटाआड बोलायचं नसतं. माझ्या आईने मला वर्षानुवर्षं जे जे शिकवलं त्यात हे होतं. पण माझा राग फार दिवसांचा तुंबलेला.

"नाना," मी म्हटलं, "शबद तुम्ही लिना. तुम्हीच सोडा."

 मग पावलं वाजली, स्टेजच्या पायऱ्या उतरून दूर जाणारी. मला वाटलं नाना मांडव सोडून निघाले. माझी मामी पाठीमागे उभी होती, तिने माझा दंड घट्ट धरला. बाहेर बँडच्या गाडीजवळ काहीतरी लोखंडी खडखडलं. मग पावलं परत आली, जड, सावकाश.

"वाजाड," नाना म्हणाले.

"नाना, शबद..."

"तो मी सोडा. आजपुरता नही, कायमना. सारासनी ऐका. आते वाजाड, मन्हा हात भरी उनात."

भटजींनी शेवटचं मंगलाष्टक घाईत म्हटलं. अंतरपाट सरकला.

मी जे पाहिलं ते असं. नवरदेवाच्या हातात हार नव्हता, काड्या होत्या. आणि त्याच्यासमोर, छोटा ड्रम दोन्ही हातांनी पोटाशी धरून, माझे वडील उभे होते. स्टँड गाडीवरच राहिला होता, ड्रम कुठे ठेवायचा हा प्रश्न होता, तर त्यांनी तो धरला. पांढऱ्या सदऱ्यावर ड्रमच्या कड्याची काळी रेघ उमटली होती. वाजा लावणारे नाना वाजवणाऱ्यासाठी वाजा धरून उभे होते, आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचं पोट हादरत होतं, आणि तोंड मात्र ग्रामसभेत बसल्यासारखं गंभीर.

त्याने सात वाजवलं. माझी खात्री आहे, ठरवून नाही, हाताला तेच आलं. अक्षता पडल्या, लोकांनी टाळ्या वाजवायला घेतल्या आणि एकाचीही टाळी जुळेना. सगळा मांडव आगेमागे. ट्रम्पेटवाले एकमेकांकडे बघायला लागले. मी हार घेऊन उभी राहिले, मामी म्हणत होती टाक, टाक. मी टाकला नाही. मी पहिलीची वाट पाहिली, ती आली, आणि हार त्याच्या गळ्यात पडला. तो तेव्हा माझ्याकडे बघून हसला. नाना दोघांच्या मध्ये ड्रम घेऊन उभे असल्यामुळे मला हात बराच लांबवावा लागला.

त्या दिवशी वाजंत्र्यांची पंगत नवऱ्याकडच्यांबरोबर बसली. कोणी सांगितलं नव्हतं. नवरदेव त्यांच्यात जाऊन बसला, मग बाकीच्यांना बसावंच लागलं.

पाठवणीला मी रडले नाही. आई रडली, वहिनी रडली, नाना गाडीच्या दारापर्यंत आले आणि पाणी आहे का बरोबर, एवढं विचारून मागे वळले. गाडी प्रकाशा गावच्या रस्त्याला लागली. पुढे ड्रायव्हरशेजारी माझी मावसबहीण करवली म्हणून बसली होती. रात्र झाली होती, बाहेर चांदणं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "आते तरी सांग. तो जपानना घरजावई परत कवय बठना वाजाडाले?"

त्याने बाशिंग सोडून मांडीवर ठेवलं.

मग म्हणाला की सासरा गेल्यावर. सासऱ्याचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा बायकोने माळ्यावरून काड्या काढून त्याच्या हातात दिल्या. तोवर त्याचे केस गेले होते, बरोबरचे तिघं पांगले होते, एक तर वारला होता. हात पहिल्यासारखे राहिले नव्हते. आता तो गावातल्या सभागृहात हळू वाजवतो, जेवढं येतं तेवढं, आणि छान वाजवतो. सासरा वाईट नव्हता म्हणे. रोज संध्याकाळी दोघं एकत्र जेवायचे. जेवताना जावयाची बोटं टेबलावर हलायची ती सासऱ्याला दिसायची. पण तो कधी काही बोलला नाही, आणि जावयाने कधी विचारलं नाही. तशीच सगळी वर्षं गेली.

"म्हणीसन मी तुले पुढे सांगत नव्हतू," तो म्हणाला. "मले वाटे आपलं बी तसंच व्हई."

तेव्हा मी रडायला लागले. आवाज करून, पाठवणीला रडायला हवं होतं तशी, मुंडावळ्या ओल्या होईपर्यंत. मावसबहीण मागे वळली आणि माझी समजूत घालायला लागली, की माहेर काही लांब नाही, बसने सकाळी निघालं तर दुपारी परत, मग कशाला रडतेस.

"माहेरपाई नही रडत," मी म्हटलं. "नानाना हात दुखत व्हतीन."